फेल-टू-बॅन, आठ महिन्यांनंतर: वाचक कोण आणि टेहळ्या कोण

गेल्या सप्टेंबरात आमच्या तालुक्याच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी मी एक नवं सबडोमेन काढलं. पानावर 'लवकरच' एवढा एकच शब्द होता आणि पत्ता मी अजून कुणालाच कळवला नव्हता. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सेवेकडून साइटच्या ओळखीचं सर्टिफिकेट घेतलं, चहा टाकला, कप घेऊन परत बसले आणि लॉग, म्हणजे कोण येऊन काय मागून गेलं त्याची सर्व्हरवरची नोंद, उघडला, तर तेवढ्यात चार-पाच जण येऊन गेलेले. एकाने गिटच्या फोल्डरातली कॉन्फिग फाइल मागितली होती, दुसऱ्याने डॉट-एन्व्ह (पासवर्ड ठेवायची फाइल), तिसऱ्याने वर्डप्रेसचं लॉगिन पान. मुखपृष्ठ कुणीच पाहिलं नव्हतं.

पत्ता फुटला तो सर्टिफिकेटमुळे. दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवहीत चढतं. ही पद्धत २०१३ साली मांडली गेली आणि २०१८ पासून क्रोम नव्या सर्टिफिकेटला ती नोंद मागतोच. योजना चांगली आहे, आपल्या नावाने कुणी खोटं सर्टिफिकेट काढलं तर त्यामुळेच उघडकीला येतं. पण ती नोंदवही टेहळणी करणारेही चोवीस तास वाचत असतात. नवं नाव दिसलं की यंत्र निघालंच.

त्याच रात्री मी अशा पाहुण्यांना अडवणारं फेल-टू-बॅन बसवलं. आज मे महिना चालू आहे. या आठ महिन्यांत ते कधी मनासारखं चाललं, कधी आपल्याच माणसांवर उलटलं. कुणाला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

माझ्याकडे भाड्याचा एक छोटा सर्व्हर आहे, दोन जीबी मेमरीचा, पुढे पानं पाठवणारा एनजिनएक्स हा वेबसर्व्हर. त्यावर चार साइट्स: वाचनालय, दिवाळी अंक, एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ आणि ओळखीच्या एका दादांची रोपवाटिका. चारही जागी पैसे बेताचे, त्यामुळे महागडी सेवा घ्यायचा प्रश्नच नव्हता. फेल-टू-बॅन फुकट आहे, २००४ पासून आहे, पायथनमध्ये लिहिलेलं आहे आणि एवढ्याशा सर्व्हरवर त्याचा भार जाणवत नाही.

त्याचं काम समजायला सोपं आहे. ते लॉग वाचत बसतं. तुम्ही दिलेल्या नमुन्यात बसणारी ओळ दिसली की त्या आयपीच्या (इंटरनेटवरच्या आकडी पत्त्याच्या) नावावर एक खूण करतं, आणि ठरलेल्या वेळात ठरलेल्या खुणा भरल्या की फायरवॉलला सांगून तो आयपी काही काळ बंद करतं. मूळ सेटिंगमध्ये दहा मिनिटांत पाच चुका झाल्या तर दहा मिनिटं बाहेर. हा हिशोब पासवर्ड चुकवणाऱ्यांसाठी अगदी योग्य आहे. एसएसएचवर, म्हणजे सर्व्हरमध्ये दुरून शिरायच्या दारावर, मी तो जवळजवळ तसाच ठेवलाय आणि त्याबद्दल काहीच तक्रार नाही. वेबसाइटवरची टेहळणी पकडायला मात्र हा हिशोब जसाच्या तसा चालत नाही, आणि हे मला दिवाळीत कळलं.

पहिला नियम मी असा केला होता: एका मिनिटात दहा वेळा ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', आलं की बॅन. जे पान नाही ते वारंवार मागणारा, तो स्कॅनर. ऐकायला पटतं. वसुबारसेच्या दिवशी सकाळी ग्रंथपाल मॅडमचा फोन आला. "ताई, माझ्या मोबाइलवर साइट उघडतेय, पण वाचनालयातल्या एकाही कॉम्प्युटरवर उघडत नाही. लगेच एरर येतो. सभासद समोर बसलेत हो." लॉग पाहिला तर वाचनालयाचा आयपी बॅन झालेला. 'नवी पुस्तकं' या पानावर चाळीसेक मुखपृष्ठांची चित्रं लावायची होती, त्यातली निम्मी मी अजून चढवलीच नव्हती. म्हणजे ते पान एकदा उघडलं की एका सेकंदात वीसएक ४०४. माझ्या नियमाच्या लेखी मॅडम स्कॅनर ठरल्या, आणि त्या आयपीवर वाचनालयाची सगळी कॉम्प्युटरं असल्याने त्यांच्यासकट सगळं वाचनालय बाहेर गेलं.

त्या आठवड्यात मी ४०४ च्या ओळी एकेक करून वाचल्या. हे काम प्रत्येकाने एकदा तरी करावं असं मला मनापासून वाटतं, कारण ४०४ मागे किती साधी माणसं असतात ते तेव्हाच दिसतं. आयफोन स्वतःहून होम स्क्रीनचं चिन्ह दोन-तीन वेगवेगळ्या नावांनी मागतो. वाचनालयाची साइट पूर्वी वर्डप्रेसवर होती, त्यामुळे जुन्या फॉरवर्डमधल्या चित्रांचे पत्ते लोक अजून उघडतात. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे देवनागरी पत्ते.

हा मुद्दा मराठी साइट चालवणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावा. आमच्या पानांचे पत्ते मराठीत आहेत. ब्राउझरमध्ये ते सुंदर दिसतात, पण लॉगमध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं होतं आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं, मात्रा आणि अनुस्वार वेगळे धरून. 'दिवाळी-अंक' एवढा शब्द लॉगमध्ये ८२ अक्षरांचा होतो. मेलमध्ये ओळ मोडली किंवा कुणी पत्ता अर्धवट निवडून पाठवला की तो मधेच तुटतो, आणि वाचकाला ४०४ मिळतं. तो परत दाबतो, परत दाबतो, मग गटातले दहा जण दाबतात. मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यात शेकडो ग्राहक एकाच आयपीमागे असू शकतात, त्यामुळे ती दहा माणसं तुमच्या लॉगमध्ये एकच माणूस दिसतात.

इंटरनेटवरून उचललेल्या एका तयार नियमसंचात तर पत्त्यात टक्क्याच्या खुणा फार असल्या तर तो हल्ला समजावा, असा नियम होता. इंग्रजी पत्त्यांच्या साइटवर त्यात काही तथ्य असेल. आमच्याकडे तो लावला असता तर प्रत्येक लेख वाचणारा बाहेर गेला असता. सुदैवाने फेल-टू-बॅनबरोबर नियम तपासायचं एक साधन येतं, फेल-टू-बॅन-रेजेक्स नावाचं. जुना लॉग आणि नवा नियम दिला की किती ओळी बसल्या आणि कोणत्या, ते ते आधीच दाखवतं. या सगळ्या पॅकेजमधलं हे माझं सगळ्यात आवडतं साधन आहे. आता कोणताही नियम आधी महिन्याभराच्या लॉगवर चालवून, बसलेल्या ओळी डोळ्यांखालून घातल्याशिवाय मी लावत नाही.

दिवाळीनंतर मी ४०४ मोजणं पूर्ण सोडलं. कोण किती वेळा चुकला यापेक्षा त्याने मागितलं काय, हे मी बघायला लागले. वाचक जे मागतो ते कधी ना कधी आपण दिलेलं असतं: जुना लेख, हललेलं चित्र, तुटलेला दुवा. टेहळ्या जे मागतो ते आपल्याकडे कधीच नव्हतं. डॉट-एन्व्ह फाइल, गिटची कॉन्फिग, एडब्ल्यूएसच्या किल्ल्यांची फाइल, पीएचपीमायअ‍ॅडमिन, सीजीआय-बिन, स्प्रिंगचं अ‍ॅक्च्युएटर, घरगुती राउटरची लॉगिन पानं. पीएचपीयुनिटच्या ज्या फाइलीतलं भगदाड २०१७ साली जाहीर झालं, ती आजही रोज मागितली जाते. डिसेंबर २०२१ मधल्या लॉगफोरशेल या भगदाडाचे जेएनडीआयवाले तुकडे अजून ब्राउझरच्या नावाच्या जागी घुसवलेले सापडतात. अशा वाटेवर वाचकाचं पाऊल चुकूनही पडत नाही. तिथे पाच संधी द्यायचं कारण नाही, एक पुरे.

फेल-टू-बॅनमध्ये एनजिनएक्ससाठी बॉटसर्च नावाचा तयार फिल्टर आहे, पण तो ४०४ च्याच ओळी बघतो आणि त्याची यादी जुन्या वळणाची आहे. मी त्यावरून स्वतःचा फिल्टर केला: यादी माझी, उत्तर ४०४ असो वा काहीही, एका ओळीत बॅन, पहिल्यांदा एक दिवस. पुन्हा आला तर मुदत वाढत जाते, ती सोय ०.११ आवृत्तीपासून आतच आहे. वर्डप्रेसचं लॉगिन पान यादीत घातलं, पण वर्डप्रेसचं अपलोड फोल्डर घातलं नाही, कारण ते एके काळी आमच्याकडे होतं. यादी दुसऱ्याची उचलू नका असं मी सांगते ते यासाठी. आपल्या साइटचा इतिहास आपल्यालाच माहीत असतो.

या नियमाने जानेवारीपासून आजवर एकाही वाचकाला अडवलेलं माझ्या कानावर आलेलं नाही, आणि आमचे सभासद फोन करायला मागेपुढे पाहत नाहीत.

दुसरी एक युक्ती मला याहूनही मोलाची वाटते आणि ती एनजिनएक्सच्या बाजूने करायची आहे. वाचक नेहमी नावाने येतो. सर्व्हरचा आकड्यांचा पत्ता टाइप करून दिवाळी अंक वाचायला कुणी येत नाही. म्हणून जी विनंती चारपैकी एकाही नावाला लागत नाही, ती सगळी मी एका वेगळ्या कोपऱ्यात पाठवते, तिथे ४४४ देऊन काही न बोलता दार लावते आणि तिचा लॉग वेगळा ठेवते. त्या लॉगमध्ये जवळजवळ सगळी टेहळणीच असते, वेगळी काढावी लागत नाही. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीच्या आयपींचे, सगळे पत्ते मिळून सव्वाचार अब्जांच्या आसपास. २०१३ साली आलेल्या झेडमॅप या स्कॅनरने ते सगळे एका पोर्टवर पाऊण तासाच्या आत पालथे घालता येतात हे दाखवून दिलं, तेही एका साध्या मशीनवरून, फक्त जोडणी चांगली हवी. त्यामुळे 'आमच्या छोट्या साइटकडे कोण बघतंय' हे म्हणणं आता सोडून द्यावं. कुणी निवडून येत नाही, सगळ्यांकडेच येतात. त्या कोपऱ्यात शॅडोसर्व्हर, सेन्सिस या इंटरनेटची पाहणी करणाऱ्या संस्थांसारखे स्वतःची ओळख सांगून फिरणारेही दिसतात. त्यांना मी अडवत नाही. इतरांनी स्वतःचं सांगितलेलं नाव मी पुरावा म्हणून धरत नाही, कारण क्रोमचं नाव कुणीही लावू शकतं.

एक अडचण बराच काळ माझ्या लक्षात आली नव्हती. रोपवाटिकेचा ऑर्डरचा फॉर्म डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) स्वतःच्या पोर्टवर चालतो. फेल-टू-बॅन त्याचाही लॉग वाचत होतं, आयपी यादीत बॅन दिसत होते, मी निर्धास्त होते. एक दिवस फेल-टू-बॅनचा स्वतःचा लॉग उघडला तर एकाच आयपीसमोर 'ऑलरेडी बॅन्ड', 'ऑलरेडी बॅन्ड' अशी ओळींची रांग. बॅन झालेला माणूस परत लॉगमध्ये येतोच कसा? कारण डॉकरने उघडलेल्या पोर्टकडे जाणारी पाकिटं फायरवॉलच्या नियमांच्या इनपुट साखळीतून जातच नाहीत, ती फॉरवर्डमधून जातात. माझा बॅन इनपुटवर बसलेला. डॉकरने अशा नियमांसाठी डॉकर-यूजर नावाची वेगळी साखळी ठेवलेली असते, बॅन तिथे लावला तेव्हा रांग थांबली. तुमच्याकडे डॉकर असेल तर 'ऑलरेडी बॅन्ड' शोधून बघा, आजच. साइट सीडीएनच्या, म्हणजे पानं मधल्या सर्व्हरवरून पोचवणाऱ्या सेवेच्या, मागे असली तर हीच गत वेगळ्या वाटेने होते. लॉगमध्ये खरा आयपी आणायचं सेटिंग आधी हवं, नाहीतर सीडीएनचाच आयपी बॅन होतो.

फेल-टू-बॅन लॉगमध्ये लिहिलं गेल्यावरच वाचतं. वेगवान स्कॅनर एका सेकंदात पन्नास पत्ते विचारून गेलेला असतो, मग बॅन लागतो. एनजिनएक्सचा लॉग बफर करून लिहायची सोय चालू असेल तर आणखी उशीर. म्हणजे हे कुलूप नव्हे. आत घेण्यासारखं काही उघडं पडलेलं असेल तर पहिल्या सेकंदालाच गेलं. आणि हे प्रत्येक आयपीचा हिशोब वेगळा ठेवतं, त्यामुळे सावकाश फिरणारे त्याच्या नजरेत भरत नाहीत.

ते मला फेब्रुवारीत दिसले. एका शनिवारी मी वेगळ्या कोपऱ्याचा लॉग आयपीनुसार न लावता वेळेनुसार वाचत होते. प्रत्येक ओळीला आयपी वेगळा, देश वेगळा, मध्ये पाच-सात मिनिटांचं अंतर. पण मागितलेल्या फाइली एका क्रमाने पुढे सरकत होत्या: बॅकअप डॉट झिप, बॅकअप डॉट टार, मग साइटच्या नावाची झिप, मग डेटाबेसच्या एसक्यूएल फाइली, डंप, ओल्ड, न्यू. यादी एकच होती, वाचणारी तोंडं वेगळी. पहिल्या ओळीला बॅन करून काय उपयोग, दुसरी ओळ दुसऱ्याच पत्त्यावरून येणार. क्राउडसेकसारखी साधनं अनेक सर्व्हरवरून आलेली माहिती एकत्र करून असे पत्ते आधीच कळवतात, तिथे त्यांची बाजू भक्कम आहे.

पण त्या शनिवारी मी बॅनचा विचार बाजूला ठेवला आणि उलटा प्रश्न विचारला: ही मागतायत ते माझ्याकडे आहे का? त्यांचीच यादी हातात धरून चारही साइट्सची फोल्डरं धुंडाळली. माजी विद्यार्थी संघाच्या फोल्डरात एक झिप सापडली. साइट जुन्या जागेवरून इकडे हलवताना कुणीतरी सगळा डेटाबेस बांधून तिथेच ठेवला होता. आत सभासदांची नावं, फोन नंबर, घरचे पत्ते. नावात तारीख घातलेली होती म्हणून यादीतल्या साध्या नावांनी ती हाती लागली नव्हती. माझे हात गार पडले. फाइल हलवली, डेटाबेसचे पासवर्ड बदलले, आणि मग लॉगमध्ये तिचं नाव शोधलं. एकदाही मागितलेली दिसली नाही. हे मी ऑक्टोबरपर्यंतचंच सांगू शकते, त्यामागचा लॉग शिल्लक नाही. संघाच्या कार्यकारिणीला हे सगळं, ऑक्टोबरसकट, लेखी कळवलं.

लॉग ऑक्टोबरपर्यंत होता त्याचंही कारण आहे. माझ्या लिनक्सवर एनजिनएक्सचे लॉग मूळ सेटिंगने चौदा दिवसच राहतात. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय, तेच वाचून मी दिवाळीआधी मुदत वाढवली होती. त्याच निर्देशांत सहा तासांत कळवायच्या घटनांच्या यादीत महत्त्वाच्या यंत्रणांवर लक्ष्य धरून केलेलं स्कॅनिंगही आहे. कॉम्प्रेस करून ठेवलेला मजकुराचा लॉग जागा किती खातो, तर छोट्या साइटला नगण्य. ज्यांनी मुदत वाढवलेली नाही त्यांनी आधी एवढं करावं, फेल-टू-बॅन नंतर बसवलं तरी चालेल.

तेव्हापासून सकाळी माझं एक ठरलेलं काम आहे. बॅनची यादी मी आता फारशी बघत नाही, ती वाढतच असते. टेहळणीच्या यादीतल्या वाटेवर कुणाला २००, म्हणजे 'हे घे पान', मिळालं का, एवढंच शोधते. रोज उत्तर रिकामं येतं. एप्रिलमध्ये एकदा ओळ आली: रोपवाटिकेच्या साइटवर डॉट-एन्व्हला २००. धावत जाऊन बघितलं तर दादांच्या मुलाने साइट नव्याने बांधली होती आणि ती कोणत्याही अनोळखी पत्त्याला मुखपृष्ठच दाखवत होती. फाइल बाहेर गेली नव्हती, उत्तराच्या बाइटचा आकडा मुखपृष्ठाइतकाच होता. त्याला फोन करून सांगितलं, "बाळा, जे पान नाही त्याला ४०४ दे, नाहीतर खरं भगदाड पडलं तरी ओळखू येणार नाही." त्याने संध्याकाळपर्यंत बदललं.

आयपीव्ही६ चं, म्हणजे नव्या पद्धतीच्या लांब पत्त्यांचं, कोडं माझ्याकडे अजून सुटलेलं नाही. एका ग्राहकाला चौसष्टाचा (/64), म्हणजे असंख्य पत्त्यांचा, अख्खा पट्टा मिळतो, एकेक पत्ता अडवणं म्हणजे समुद्रातून वाटीने पाणी काढणं, आणि पट्टा अडवायचा तर ते स्वतः बसवावं लागतं. मी सध्या हाताने करते.

ज्यांच्याकडे एक-दोन सर्व्हर आहेत आणि रोज दहा मिनिटं लॉग वाचायची तयारी आहे त्यांनी हे जरूर वापरावं. बसवून विसरून जायचं असेल तर एसएसएचपुरतंच ठेवा, वेबसाइटवर लावू नका, आपलीच माणसं बाहेर राहतील.

जूनमध्ये वाचनालयाचा मुलांचा वाचनकट्टा सुरू होतोय, त्याला वेगळं सबडोमेन हवंय. या वेळी चारही साइट्सचं मिळून वाइल्डकार्ड, म्हणजे सगळ्या सबडोमेनना चालणारं, सर्टिफिकेट आधीच घेऊन ठेवलंय, म्हणजे नोंदवहीत नवं नाव उमटणार नाही. फिल्टर काल रात्री चालू केला, तपासूनही झाला. मॅडमना सांगितलंय, मुखपृष्ठांची सगळी चित्रं माझ्या हातात आली की मगच पान उघडू.